दुसरं वळण

शेवटचं गिऱ्हाईक बडीशेप चघळत उठलं.
तिदमेबाईंनी गल्ल्याला कुलूप घातलं, म्हणाल्या,
"पाचला रस्सा चढतो माझा. त्याआधी आवरा."
बाहेर द्वारकेच्या पुलाखाली कांद्याचे ट्रक घुरघुरत होते.
निफाडला पारा सहावर, कुणीतरी म्हणालं.
थंडीत तेल गोठतं,
आणि गोठलेलं तेल खांदा मागतं.

आधी गॅसचा कॉक. मग पंख्याची वीज.
भट्ट्यांवर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी.
हूडचे फिल्टर उतरवले, अकरा.
बारावा कधीच हरवलेला, तिथे पत्र्याचा तुकडा.
उकळत्या सोड्यात एकेक सोडला
तसं पाणी पिवळं झालं, मग चहासारखं,
मग त्याला रंगाचं नाव देता येईना.

लोकांना जाळ चुलीवर दिसतो.
मला तो वर दिसतो, पत्र्याच्या पोटात, निजलेला.
तर्रीचा लाल तिथवर पोचत नाही,
पोचतं ते काळं, काकवीसारखं,
ना मिरचीचा वास, ना खोबऱ्याचा.
कढईतला भडका एकदाच हातभर उंच उडाला
की तो जागा होतो,
आणि आपलाच पंखा त्याला फुंकर घालतो.

पूर्वी मी आत शिरायचो. आता पोट आडवं येतं.
आता काशिराम गावित शिरतो, सुरगाण्याचा,
एकोणीस वर्षांचा, खांदे भाताच्या काडीचे.
कपाळाला बॅटरी, तोंडाला फडकं, कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक माझ्या मनगटाला.
एकदा ओढलं तर थांब. दोनदा, बाहेर ये.
तीनदाचा अर्थ आम्ही ठरवलेला नाही.

पहिल्या वळणापर्यंत खरवडणं ऐकू येत राहिलं.
पत्रा उघडा पडला की आवाज बदलतो, तो बदलला.
मग बराच वेळ काही नाही.
मग आतून, घुमत,
"मामा, इथं पटाशी आहे."
कसली?
"जुनी. रुतलेली. मुठीला लाल टेप."

लाल टेप मी लावतो.
माझ्या सगळ्या हत्यारांना, पहिल्यापासून.

ती हरवली तेव्हा काशिराम कामाला नव्हता.
दुसऱ्या वळणाशी, पहाटे, हात भरून आले होते,
खाली कुणी कांदा चिरायला बसलं होतं,
आणि मी म्हटलं, पुढच्या खेपेला.
त्यानंतर आठ खेपा झाल्या.
आठ वेळा हूडच्या कडेला चिठ्ठी डकवली,
तारीख, सही, "आतून संपूर्ण स्वच्छ".
अक्षर माझं चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो.

पटाशी त्याने दोराला बांधून खाली सोडली.
तीन बोटं थर. अंगठ्याने घासलं तेवढाच लाल.
त्याने काही विचारलं नाही.
या पोराचं हेच अवघड जातं.

दोनदा दोर ओढून त्याला बाहेर काढला.
गच्चीवर गेलो. ग्राइंडर नको, ठिणगी नको,
हातकात्रीने पत्रा कापला,
दीड फुटाची खिडकी, पुढे तिला झाकण बसवता येईल अशी,
आणि खांद्यापर्यंत मीच आत.

साडेचारला खालून बाईंचा आवाज, "झालं का?"
"नाही."
या हॉटेलात हा शब्द मी पहिल्यांदाच बोललो.
त्या तापल्या. मटकी शिजलेली, वाटण तयार,
रविवारचे सायकलवाले सातला दारात.
शेवटी अंगणात विटा मांडल्या, त्यावर पातेलं.

उजाडलं तेव्हा खरवड सहा डबे भरली होती.
चिठ्ठी घेतली. तारीख लिहिली. सही केली.
मधल्या ओळीवर पेन उमटेना.
थंडीत शाई बसते, नवीन काही नाही.

काशिराम मिसळ खात होता,
कोपरापर्यंत काळा, ओठ तर्रीने लाल.
"मामा, अजून एक वाटी रस्सा सांगा ना."
सांगितला.
पातेल्यावर वाफ उठली,
वर पत्रा नव्हता, सरळ गेली.

माझ्या वहीत अजून तेवीस हॉटेलं आहेत.